सर निंबावरून उतरेनात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते शिरपूरजवळच्या आमच्या खेड्यात तिसरीला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचे. त्यांच्या तासाला पोरांनी इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि सरांनी तो पाळायचा. आम्ही त्यांना लंगडी घालायला लावली, बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या. मी मात्र गप्पच असायचो. शब्द यायचे, पण चुकायची भीती वाटायची.

एकदा कोणीतरी "क्लाइंब ट्री" म्हणालं आणि सर पँट दुमडून निंबावर चढले. नेमके तेव्हाच तालुक्याच्या मालेगावहून साहेब तपासणीला आले.

"काहून चढले हो गुरुजी? उतरा, नाहीतर रिपोर्टात लिहीन."

"तासाला मले मराठी समजत नाही, साहेब," सर वरून म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याले सांगा."

साहेबांनी खिशातून पेन काढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, कम डाऊन."

सर लगेच उतरले. "शाळेत सगळ्यात मोठा साहेब हाच हाय," ते म्हणाले.

परवा इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, तेव्हा त्यांना पत्र पाठवलं:

"सर, पास झालो. रिटायर झाल्यावरही गल्लीतल्या पोरांच्या हुकमानं तुम्ही टिनाच्या छपरावर चढता, असं कळलं. गुडघे सांभाळा. सर, कम डाऊन."