निळा कावळा

मी हसनाबाद सोडलं ते दसऱ्याच्या सकाळी. चांगलं सीमोल्लंघनच की! गाडी जुंपलेली, पण माय सोडेना. दसऱ्याला चास दिसल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हा तिचा कायदा. आणि त्या निळ्या पाखराचा त्या दिवशी पत्ता नव्हता.

मी ऐटीत माझी वही पुढे केली. मामांच्या कापसाच्या गाड्यांबरोबर हिंडताना मी डबा कॅमेऱ्यानं रोज एका पाखराचा फोटो काढायचो, तो वहीत चिकटवून खाली गाव, तारीख, वेळ लिहायचो. "घे, यात चार चास आहेत."

"हे चास व्हय? राखंत लोळलेलं कोंबडं दिसून राह्यलं! रंग कुठं गेला?"

मी शेजारीपाजारी पाया पडून आलो, तोवर तिनं वही गाठोड्यात बांधलेली. "झालं दर्शन. जाय आता, जल्दी."

संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर सामान उघडलं. जकात वसूल करणाऱ्या जमादारानं वही चाळली आणि डोळे वटारले. "तार, पूल, स्टेशन... हर जगह नीला निशान! जासूस है क्या?"

मी वाकून पाहिलं आणि गारच पडलो. मायनं प्रत्येक पाखराला बोटानं कपड्यांची नीळ लावली होती! चास निळा, बगळा निळा, तारेवरचा कावळासुद्धा निळा. दोन वर्षांची वही जाणार आणि मी कोठडीत, हे साफ दिसत होतं.

"हुजूर, निशाण न्हाई, चास हाये. आज दसरा. मायनं लावलाय रंग."

"कौवे को भी?"

"तिला फोटोत सारे सारखेच दिसले."

जमादार मिशीत हसला, मग पोट धरून हसला. "हमारी अम्मा भी ऐसीच है. जाओ मियाँ."

आगगाडीत बसल्यावर मात्र मायचा राग आला. ओल्या रुमालानं कावळा पुसायला घेतला. एक पंख काळा झाला, अन् हात थांबला.

गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, आज नाशकात माझं फोटोचं दुकान आहे. माय आता नाही. दर दसऱ्याला मी गोदाकाठी चास शोधतो. नाही सापडला, तर वही उघडून तो अर्धा निळा कावळा बघतो.

झालं दर्शन. मंगच दुकान उघडतो.