जुन्या नोंदींत काय भरायचं

आमची मुलगी दोन दिवस जगली. बारसं व्हायचंच होतं, त्यामुळे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर तिच्या नावाची जागा मोकळी होती आणि आईच्या रकान्यात माझं नाव होतं. मला हे ठाऊक होतं, कारण त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर राजारामपुरीतल्या आमच्याच ऑफिसात बनलेलं.

दीड महिना झाला असेल. मंगळवार पेठेतल्या घरी मी कपडे वाळत घालत होते. नवरा दारात आला आणि त्यानं आपला फोन माझ्यापुढं धरला. मी फोन घेतला. 'आपल्या बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची वेळ झाली आहे. बाळाला घेऊन यावे.'

सासूबाई भडकल्या. "माणसं हायत का कोण! थांब, जाऊन विचारतोच त्यास्नी."

"माणसानं नाही पाठवला मेसेज, आई," मी म्हटलं. "आपोआप जातो."

जन्मतारखेवरून जायचा. बाळ गेलं तर ते लिहायला कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या टेबलात रकानाच नव्हता. दवाखान्यानं कधी मागितला नव्हता, आम्हा कुणाला सुचला नव्हता.

रात्रीच मी सरांना आणि दवाखान्याला फोन करून काय बदलायचं ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. सर खुर्चीतनं उठलेच. "तू कशाला आलीस एवढ्यात? रकानाच वाढवायचाय न्हवं, दुसरं कोण तरी करंल की."

"मीच करतो, सर."

काम तसं किरकोळ. टेबलात बदल करायचा तर फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आम्ही सॉफ्टवेअर बांधतो त्यात, एक छोटी फाइल बनवायची, तिला मायग्रेशन म्हणतात. ती चालवली की बदल होतो. 'बाळाची स्थिती' असा रकाना मी लिहिला. फ्रेमवर्कनं नेहमीचा प्रश्न विचारला: आधीच्या नोंदींत काय भरायचं? एरवी या प्रश्नाला मी विचार न करता उत्तर देते. त्या दिवशी प्रश्न परत परत वाचला. दवाखान्यात जन्मलेल्या सगळ्या बाळांसाठी एकच शब्द द्यायचा होता. शेवटी टाइप केलं, 'हयात'.

आधी कॉपीवर चालवून बघितलं, मग खऱ्या डेटाबेसवर. लगेच झालं. मग मी तिची नोंद उघडली. मुलगी. वजन सव्वादोन किलो. नावाची जागा मोकळी. आणि नव्या रकान्यात: हयात.

असंच होणार हे मला माहीत होतं, मीच तर लिहिलं होतं. दूध कधीच आटलेलं, तरी छातीत कळ आली.

सर जेवायला हाक मारून गेले. मी डबा न उघडता स्क्रीनसमोर बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीपुरती तरी राहू दे तिला, असं वाटत होतं. तेवढ्यात दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताईंचा फोन आला.

"झालं काय हो मॅडम? तुमच्यासारख्या आणि दोघी हायत. त्यास्नी उद्या मेसेज जाईल बघा."

त्या दोघींच्या बाळांच्या नोंदी मी आधी बदलल्या. मग तिची. 'मयत' असेल तिथं मेसेज जाऊ नये, एवढी एक ओळ वाढवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी नवरा गाडी घेऊन खाली आला होता. इतक्या दिवसांत तो एकदाही रडला नव्हता. सगळ्यांचं चहापाणी बघत होता, मला गोळ्या देत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. आता न्हाय येणार."

"कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय," म्हणत मी गाडीवर बसले. त्यानं गाडी सुरू केली, जरा पुढं नेली आणि एका कोचिंग क्लासच्या दारात बाजूला घेतली. क्लास सुटला होता, पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी सायकली काढत होती. हेल्मेट न काढताच तो रडायला लागला. मी मागं बसून त्याच्या पाठीवर डोकं टेकलं.