वृजलालचं दाला

वृजलाल कोटेचा एकोणिसाव्या वर्षी जामनगरहून केनियातल्या तळ्याकाठच्या केंडू बे गावी काकाच्या दुकानात आला आणि तिथंच साठीचा झाला. साबण, रॉकेल, पत्रे विकता विकता बाजार समितीचा अध्यक्ष झाला. मासळीवाल्या बायकांसाठी भांडून नळ आणला, तेव्हा त्याच बायकांनी त्याला काउंटीच्या निवडणुकीत उभं केलं. मी पूर्वीचा नट; नाटकं सोडून इथं आल्यापासून माझा आवाज रिकामाच होता. त्याच्या सभांना माईकवर मी असायचो.

मतदानाला तीन आठवडे असताना त्याची बायको रसीलाबेन गेली. दहन किसुमू शहरात झालं. वृजलाल अस्थींचा कलश घेऊन परतला, तर दुकानासमोर मांडव, खुर्च्या आणि दोनशे माणसं. सगळी प्रेताची वाट बघत.

"आमची बाई कुठंय?" मासळीवाल्या अकोथनं विचारलं.

त्यानं कलश पुढं केला.

"अगं आई! एवढीशी?"

कुणीच हसलं नाही. मरणाच्या प्रवेशातही टाळी घेणारा मी, मागं सरकलो.

गावातले वडीलधारे ओयुगी म्हातारे काठी टेकत आले. "कबर कुठं खणायची, वृजलाल?"

"आमच्यात नसते, आजोबा. राख तळ्यात सोडतात."

"मग तुझं दाला कुठं?" म्हातारे म्हणाले. "दुकानावरची खोली म्हणजे नुसतं घर. दाला म्हणजे जिथं आपली माणसं पुरलीत ती जागा. पाहुण्याला जेवू घालतात रे. मत देत नाहीत."

माणसं जेवून पांगली. अकोथ मागं राहिली. "भाई, दुकानामागं जागा आहे ना? मूठभर राख पुरा. साऱ्या बाजाराला दाखवते मी. मतं आपलीच!"

"मतदान होऊ दे."

"नंतर पुरून काय उपयोग?"

"म्हणूनच."

पुढच्या सभांत तो पाठ केलेला संवाद म्हणावा तसा बोलला. बासष्ट मतांनी पडला. मी निकाल सांगितला, तेव्हा त्यानं विचारलं, "चहा निवला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागं, पेरूखाली, तो खणायला लागला. अकोथ आली, पदर खोचावा तसं अंगावरचं कापड कमरेला आवळलं आणि फावडं हिसकावलं. "सरका! साबणाचे हात ते." अर्धी राख मातीत गेली, अर्धी तळ्यासाठी राहिली. ओयुगी खुर्ची आणवून शेवटपर्यंत बसून होते. वृजलाल रडला नाही. हात धुऊन त्यानं दुकान उघडलं.

महिन्याभरानं ओयुगींचा भाऊ वारला. आम्ही दोघं गेलो आणि नेहमीसारखे पाहुण्यांच्या मांडवाकडे वळलो. ओयुगींनी काठी आडवी घातली.

"नटा, तू बस जा. वृजलाल, तू कुठं निघालास? पाहुणे तिकडे. घरची माणसं खणताहेत."

कुणीतरी त्याच्या हाती फावडं दिलं. त्यानं कोट काढून माझ्याकडे दिला आणि खड्ड्यात उतरला. चेहरा होता तसाच होता. दुपारपर्यंत तो खणत राहिला.