माळावरचा गोल बांध

आंबिवलीच्या पुढे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. त्या माळावर मातीचा गोल बांध होता. कमरेइतका उंच, बाहेरून चर, आणि उगवतीला बैलगाडी जाईल एवढी वाट सोडलेली. तो कोणी घातला, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा कॉलेजातले एक सर पाहून गेले. म्हणाले, माणसाला लोखंड माहीत नव्हतं तेव्हाचा असेल. खणल्याशिवाय सांगता येणार नाही. खणायला कोणी आलं नाही.

बाबांनी लहानपणी तिथे गुरं राखली. बांधावर त्यांनी कधी पाय दिला नाही, आम्हालाही देऊ दिला नाही. "वाटेने आत जा. ती काय शोभेला ठेवलीय?"

पुढे बिल्डरची माणसं मोजणीला आली. बांधाला हात लागता कामा नये, एवढाच धोशा बाबांनी लावला. मी पुरातत्त्व खात्यात अर्ज द्यायला निघाले, तर काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हसले.

"अगं, अर्जाने कधी जेसीबी थांबलाय? देव बसवू. देवाला कोण हलवतंय?"

आमच्याकडे जागा वाचवायची हीच रीत. काकांनी बांधाच्या आत दगड उभा केला, शेंदूर फासला, नारळ फोडला. बिल्डर खरंच गेला. माझ्या अर्जाचं उत्तर अजून यायचंय.

मग दगडावर पत्र्याची शेड आली, खाली टाइल्स आल्या, समिती झाली. काका अध्यक्ष. भंडाऱ्याचे टेम्पो-ट्रक त्या वाटेतून आत येईनात, म्हणून समितीने बांध सपाट करायचं ठरवलं. जेसीबी काकांनीच बोलावला.

"काका, यापासूनच वाचवायचा होता ना?"

"जागा वाचली ना? मातीचं काय घेऊन बसलीस!"

बाबांचे गुडघे गेलेत, ते वर जात नाहीत. बांध गेल्याचं सांगितलं, तर म्हणाले, खोटं बोलतेस. भंडाऱ्याला हट्टाने रिक्षातून आले. उतरले आणि उगवतीला तोंड करून, मग पाठ करून उभे राहिले.

"आत कुठून जायचं?"

"कुठूनही या, दादा," काका माइक खाली ठेवून म्हणाले. "सगळं मोकळं केलंय."

बाबा परत रिक्षात बसले. मी शिऱ्याचे दोन द्रोण आणले. त्यांनी हात पुढे केला नाही. मला भूक लागली होती, मी दोन्ही खाल्ले.