काकांच्या शेतावरची पड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, डायरीलाही नाही – डायरी आई वाचते.

महादूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना लागतं. गावातली निम्मी पोरं कंपनीत जातात आणि शेतं तशीच टाकतात, म्हणून काका त्यांना येता-जाता सुनावतात. त्यांनी स्वतः हातभर जमीनही कधी पड ठेवलेली नाही. पाहुण्यांना हे चहाच्या आधी कळतं.

भाताचा सरकारी बोनस हवा असेल तर हल्ली पिकाची नोंद मोबाईलवर करावी लागते. शेतात उभं राहायचं, पीक निवडायचं, फोटो काढायचा. गेल्या वर्षी काकांनी ते काम मला दिलं. मी इंग्रजी शाळेत शिकले ना – म्हणजे मला सगळं येतं. अॅप मराठीत आहे, ही गोष्ट वेगळी.

मी गेले. ओहोळापर्यंत. पलीकडे काकांच्या भातात सात-आठ बायका तण काढत होत्या. त्यातल्या पारूकाकीनं लांबूनच हाक दिली, "काय गो, मोबाईल घेऊन कुणाला शोधतेस? भातात नवरा नाय उगवत."

सगळ्या हसल्या. आणि मी – पुढे जाऊच शकले नाही. अलीकडचा गवताचा तुकडाही काकांच्याच गट नंबरातला, त्यामुळे अॅपनं जागा मान्य केली. मी गवताचा फोटो काढला. आता गवताला भात कसं म्हणायचं? ते खोटं झालं असतं. म्हणून 'चालू पड' निवडलं – म्हणजे या हंगामात इथे काही लावलेलंच नाही. खोटं नको म्हणून, बरं का. नोंद दोन दिवसांत दुरुस्त करता येते. करणारच होते. पण दुसऱ्या दिवशीही बायका होत्या.

काकांना सांगितलं, "झालं."

बोनसची यादी लागली, त्यात काकांचं नाव नव्हतं. सातबाऱ्यावर शेत पड. टपरीवर पोरं म्हणाली, "काका, आता तुमी पण कंपनीत लागा." पैशांबद्दल काका एकदाही बोलले नाहीत. टपरीवर जायचे मात्र बंद झाले.

मग एक दिवस भाताचा भारा खांद्यावर घेऊन ते तलाठ्याकडे निघाले. सोबत मला घेतलं. भारा टेबलावर ठेवून म्हणाले, "बघा. पड अशी असते काय?"

तलाठी तरुण होता. त्यानं हळूच विचारलं, "नोंद कुणी केली होती?"

"आमच्या पोरीनं. इंग्लिश शाळेतली हाय. ती चुकंल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्याला कळलं असणार – नाहीतर इतका वेळ कोण पाहतं?

"सर्व्हरचं काहीतरी झालं असेल," तो म्हणाला.

त्यावर काका त्याला अर्धा तास बोलले. त्यानं ऐकून घेतलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी त्या महिन्यातले सगळे सण पाठ केले.

यंदा काका म्हणाले, "तूच कर गो. दुसऱ्या कुणावर भरवसा नाय." मी नोंद केली, त्यांना भातात उभं करून. जुनी नोंद मात्र बदलत नाही. त्या वर्षीच्या सातबाऱ्यावर त्यांच्या शेताला पड म्हटलंय, आणि ते मी म्हटलंय.

काका अजून सर्व्हरला शिव्या देतात. मी समोर बसून ऐकते.