शेवंताबाईचा बांध

शेजारच्या शेतात ट्रॅक्टर फिरतो आहे. डिझेलचा आणि उलटलेल्या काळ्या मातीचा वास घरात आला, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षातली एक दुपार आठवली.

नवरा तेव्हा देऊळघाटजवळ एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. मी भाकर घेऊन पोचले, तेव्हा मालक त्याला शेजारच्या विधवा शेवंताबाईचा बांध नांगरून आत घुसायला सांगत होता. नवऱ्याने ट्रॅक्टर बंद केला.

"काऊन थांबला बे?"

"दुसऱ्याचा बांध सरकवाची आमच्या शास्त्रात मनाई हाय, मालक. सकाळीच वाचून आलो."

"तुझं बायबल चर्चमधी ठेव. उतर खाली."

नवरा उतरला. मला त्याचा रागच आला. तो रोज सकाळी बायबलातली नीतिवचनं वाचायचा, पण ती अशी कामावर आणायची असतात का? घरात दुसरी कमाई नव्हती.

मालक स्वतःच ट्रॅक्टरवर चढला. तेव्हा मी बांधावर जाऊन बसले आणि भाकरीचं फडकं सोडलं. वाळलेलं गवत पायांना टोचत होतं. इंजिनाची धग तोंडावर येत होती.

"ऊठ," तो म्हणाला.

"जेवण होऊ द्या," मी म्हणाले. नवरा शेजारी येऊन बसला. आम्ही सावकाश जेवत राहिलो. शेवटी मालकाने ट्रॅक्टर मागे घेतला.

नोकरी त्याच दिवशी गेली. बांध आजही जागेवर आहे. मी नवऱ्यासाठी बसले, असं सगळ्यांना वाटलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता कळतं, बांध शेवंताबाईचा होता आणि मला तिथून उठवायचा मालकाला काही हक्क नव्हता, म्हणून बसले. पुन्हाही बसेन.