आईच्या पायातली नाडी

माघात आई गेली. लिहायला बसलो की हात थांबतो, म्हणून रोज सुचेल तेवढंच लिहितो आहे.

आमचं घर पोशीरला, भातशेतीचं. मी कर्जतच्या शाळेत मास्तर. आईला मधुमेह आहे असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा गावात कोणी या दुखण्याचं नावही ऐकलं नव्हतं. इन्सुलिनची बाटली मुंबईहून यायची. ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची आणि रोज सकाळी सुई उकळून मी आईला टोचायचो. काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. विटकरी रंग आला तर साखर, निळाच राहिला तर ठीक. तो निळा राहू लागला, तेव्हा दुखणं हटलं असंच आम्हांला वाटलं.

मग तो उन्हाळा आला. भाताचं रोप जिथे करायचं तिथे शेण, पाला, फांद्या पसरून आम्ही राब भाजतो. राख निवली की नाही हे आमच्याकडे पायानेच बघतात, आणि घरात ते काम आईचं. त्या सकाळी ती राबात उतरली, मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "निवलाय. या गं."

मागून वहिनी उतरली आणि पहिल्याच पावलाला मागे सरली. "आत्याबाई, खाली निखारे हायत अजून."

आईने पाय उचलून बघितला. तळव्याला मोठा फोड आला होता. तिला काहीच कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या पावलावर बोटं ठेवली, घोट्यामागेही चाचपून पाहिलं. मग मला म्हणाले, "नाडी फार बारीक लागते, मास्तर. या रोगात धमनीची भिंत आतून जाडावते, वाट अरुंद होते. पावलापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही. आणि पाय बधिर झालाय तो वेगळाच."

"पण इन्सुलिन चालू आहे."

"ते साखर उतरवतं. जाड झालेली भिंत पुन्हा पातळ करीत नाही. पुढचं जाडावणं त्याने किती थांबतं, हे अजून आम्हांलाही नीट ठाऊक नाही."

जखम चिघळली तर मुंबईला नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. आई ऐकत होती. म्हणाली, "भरंल कशी ते सांगा. कापायचं मागनं बघू."

जखम भरायला पावसाळा उजाडला. रोज धुणं, पट्टी, मोजकं खाणं, सुई. तिने एकदाही कंटाळा केला नाही. पुन्हा अनवाणी फिरायचं नाही, ही डॉक्टरांची शेवटची अट. पण आमच्याकडे शेतात पायताण घालून जात नाहीत, आणि आईने तर जन्मात पायात काही घातलं नव्हतं. मी कर्जतहून कॅनव्हासचे बूट आणले. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मग बांधाला टेकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बूट चढवले.

लावणीच्या बायकांनी कंबर सरळ केली.

"काकी, मडमीण झालीस गं."

"आता छत्री धराया गडी ठेव एक."

"ठेवते की," आई म्हणाली. "तुझा नवराच रिकामा हाय, त्यालाच धाड."

चिखलात ती उतरली नाही. बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढे देत राहिली आणि कोणाची ओळ वाकडी जाते ते ओरडून सांगत राहिली. पुढे दर लावणीला असंच. संध्याकाळी कुंकवाचा आरसा जमिनीवर ठेवून ती त्यात आपले तळवे पाहायची. मी विचारलं तर म्हणायची, "तुजी पुस्तकं तू वाच रं. हे माजं मी वाचते."

शेवटी तिची छाती दुखली आणि ती दोन प्रहरांत गेली. डॉक्टर म्हणाले, भिंत तीच, या वेळी हृदयाजवळची.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं. वहिनी डोळे पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "भावजी, पाय धुतले मी. दोनी तळवे साफ हायत. कुठं खरचटलेलं सुदिक नाय."

तिरडीजवळ उभे असलेल्या माणसांना मी हे मोठ्याने सांगितलं. एरवी चारचौघांत माझा आवाज निघत नाही.